तब्येत सुधारली... मनाचं काय?

वजन, शुगर, थायरॉइड, पीसीओएस... पंचविशीतच रिपोर्टची फाइल घेऊन फिरणाऱ्या आपल्या पिढीला गोळ्या मिळतात, डाएट चार्ट मिळतो, जिमची डिस्काउंट ऑफर मिळते. मिळत नाही तो मनासाठीचा अर्धा तास. तो कुठे मिळतो आणि त्यात नेमकं काय होतं, याचा हा शोध.

जाड झालेल्या माणसाला तोंडावर ‘जाड’ म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. आपण म्हणतो, ‘तब्येत सुधारली!’ लग्नघरात मावशी म्हणते, ‘अंगावर आलीस गं.’ ऑफिसात टीम लीड म्हणतो, ‘काय रे, लग्न मानवलं वाटतं!’ सोसायटीतल्या काकू ‘खात्यापित्या घरची दिसतेस हो’ म्हणत गालगुच्चा घेतात. कुणाच्याच मनात काही वाईट नसतं. ऐकणाराही हसतो. हसून लिफ्टमध्ये शिरतो, आरशाकडे पाठ करून उभा राहतो आणि दुपारी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर नुसतं सॅलड खातो. रात्री मात्र किचनमधला दिवा न लावता फ्रीज उघडतो.

आता हाच माणूस सव्वीस वर्षांचा आहे आणि त्याच्या हातात शुगरचा रिपोर्ट आहे, असं समजा. मग ‘तब्येत सुधारली’ची जागा दुसरं वाक्य घेतं. ‘एवढ्या लहान वयात?’ या तीन शब्दांत आश्चर्य कमी आणि आरोप जास्त असतो. काहीतरी केलं असणार यानं! पिझ्झे हाणले असणार, रात्र रात्र जागला असणार.

गेले दोन महिने मी या वाक्यांच्या मागावर होते. हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये, मगरपट्ट्यात, डेक्कनवरच्या क्लिनिक्सच्या वेटिंग रूममध्ये. भेटलेल्या प्रत्येकानं एकच अट घातली, ‘नाव छापू नकोस.’ म्हणून या लेखात बोलणाऱ्या एकाही पेशंटचं नाव नाही. गंमत बघा, आपण ब्रेकअपबद्दल बिनधास्त बोलतो, पगाराबद्दलही आता बोलायला लागलोय. इन्सुलिनबद्दल मात्र नाही.

गर्दी आहे, पण दिसत नाही

आधी थोडे आकडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आहेत. शहरात हे प्रमाण खेड्यापेक्षा जास्त. आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’च्या डायबिटीसविषयक जर्नलमध्ये आले. त्यांच्या अंदाजानुसार भारतात १० कोटी १० लाख लोकांना डायबिटीस आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर, म्हणजे ‘प्री-डायबिटीस’मध्ये आहेत.

आणि हे सगळे ढेरपोटे काका नाहीत. बारीक दिसणाराही सुटत नाही. याचा सगळ्यात भारी पुरावा आपल्या पुण्यातलाच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा शेजारी-शेजारी काढलेला एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! वरून बारीक, आतून स्थूल. म्हणूनच जगभर जास्त वजनाची रेघ बीएमआय २५ वर असली, तरी आपल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये भारतीयांसाठी ती २३ वर आणली आणि लठ्ठपणाची २५ वर.

म्हणजे तुमच्या बे मध्ये दहा जण बसत असतील, तर त्यातले दोन-तीन जण या यादीत सहज असू शकतात. पण प्रत्येकाला वाटतं, ‘हे फक्त माझ्याच नशिबी.’

चार मिनिटांची अपॉइंटमेंट

मी स्वतःही या विषयात पाहुणी नाही. तेविसाव्या वर्षी मला पीसीओएस असल्याचं कळलं. पाळीचा पत्ता नाही, हनुवटीवर केस आणि एका वर्षात अकरा किलो वाढलेले. शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये दीड तास थांबल्यावर माझा नंबर लागला. डॉक्टरांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट पाहिला, ‘वजन कमी करा, सगळं ठीक होईल,’ म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली. मी घड्याळ पाहिलं होतं. चार मिनिटं.

आता यात चूक काय? वैद्यकीय दृष्ट्या सल्ला बरोबरच होता. थोडं वजन उतरलं तरी पीसीओएसमध्ये फरक पडतो. पण पीसीओएस असलेल्या बऱ्याच जणींमध्ये इन्सुलिनचा परिणाम नीट होत नाही आणि त्यामुळे वजन वाढायला मदतच होते, हे मला कुणी सांगितलं नाही. मी पायऱ्या उतरले ती एकच गोष्ट घेऊन: हे सगळं माझ्यामुळे झालंय. पुढचं वर्षभर मी एकाही लग्नाला गेले नाही. फोटोत यायचं टाळलं. मोबाइलचा कॅमेरा चुकून सेल्फी मोडवर उघडला तरी दचकायचे.

हे फक्त माझं नाजूक मन नव्हतं, हे नंतर कळलं. पीसीओएसवरच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की, हा आजार असलेल्या स्त्रियांमध्ये नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण जास्त असतं आणि निदान होताच त्याची विचारपूस व्हायला हवी. वजनावरून होणाऱ्या अवहेलनेचाही त्यात वेगळा उल्लेख आहे. म्हणजे ‘मन कसं आहे?’ हा प्रश्न डॉक्टरांनी चांगुलपणा म्हणून विचारायचा नाहीये. तो उपचाराचाच भाग आहे.

वैताग नावाचा आजार, जो आजार नाही

डायबिटीसच्या जगात एक छान शब्द आहे, ‘डायबिटीस डिस्ट्रेस’. मला त्यासाठी मराठीत एकच शब्द सुचतो. वैताग! रोजच्या रोज मोजायचं, टोचायचं, गोळी आठवायची, वाढदिवसाच्या केकला नाही म्हणायचं, मग ‘एक तुकडा घे रे, काही होत नाही’ला पुन्हा नाही म्हणायचं. आणि एवढं करूनही तीन महिन्यांनी एचबीएवनसी वाढलेलंच. बॉसनं अप्रेझलमध्ये काम न बघता रेटिंग कापावं, तसं वाटतं. फरक इतकाच, इथे राजीनामा देता येत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलॉन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हा वैताग मोजायला वीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. शुगर बिघडली की अपराधी वाटतं का, पुढे काय होईल याची भीती वाटते का, रोजची ही कटकट नकोशी झालीय का, असे साधे प्रश्न. शंभरपैकी गुण. चाळीस किंवा त्याहून जास्त आले, तर वैताग हाताबाहेर चाललाय असं समजतात.

हे नैराश्य नव्हे, हा मुद्दा महत्त्वाचा. नैराश्यात सगळ्यातलाच रस जातो. आवडती मालिका नको, मित्र नको, सकाळी उठणं नको, आणि हे दोन आठवडे किंवा जास्त चालतं. वैतागलेला माणूस मात्र ट्रेकला जातो, सिनेमाला हसतो, प्रेमातही पडतो. फक्त ग्लुकोमीटर ड्रॉवरमध्ये ठेवून विसरतो. नैराश्याला कधी कधी औषधं लागतात. वैतागाला लागतो मुख्यतः संवाद, नीट माहिती आणि डोक्यावरचं ओझं थोडं वाटून घेणारं कुणीतरी. अर्थात दोन्ही एकत्रही असू शकतात. डायबिटीस असलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांपेक्षा जवळपास दुप्पट आढळतं.

बाथरूममधलं इंजेक्शन

बाणेरला एका कॉफी शॉपमध्ये भेटलेला तो मुलगा सत्तावीस वर्षांचा. फायनान्समध्ये काम करतो, बारीक, उंच, क्रिकेटवेडा. अकराव्या वर्षापासून त्याला टाइप वन डायबिटीस आहे. त्याची जुनी तक्रार एकच. ‘लोकांना वाटतं, लहानपणी मी चॉकलेटं खाल्ली म्हणून झालं.’

टाइप वनचा आणि चॉकलेटचा काही संबंध नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करते, म्हणून तो होतो. इन्सुलिन बाहेरून घ्यावंच लागतं, रोज, आयुष्यभर. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये एका १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ते टोचलं गेलं. त्याआधी हा आजार म्हणजे मृत्यूच होता. आज शंभर वर्षांनंतर आमच्या या मित्राकडे छान पेन आहे, बारीक सुई आहे. पण तो इन्सुलिन घेतो ते ऑफिसच्या बाथरूममध्ये, कमोडच्या झाकणावर बसून.

‘का रे?’ मी विचारलं.

‘पहिल्या नोकरीत डेस्कवर घेतलं होतं. शेजारची म्हणाली, अरे बापरे, मला सुईची भीती वाटते. मग काय, दुसऱ्या दिवसापासून बाथरूम.’

त्याची खरी भीती सुईची नाही, ‘लो’ होण्याची आहे. शुगर ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, शब्द सापडत नाहीत. एकदा क्लायंट कॉलवर असंच झालं. तेव्हापासून महत्त्वाच्या मीटिंगच्या दिवशी तो मुद्दाम शुगर थोडी चढीच ठेवतो. डॉक्टर रिपोर्ट बघून रागावतात, ‘लक्ष देत नाहीस.’ खरं तर तो फार जास्त लक्ष देतोय! फक्त कशाकडे, ते त्याला कुणी विचारलेलं नाही.

आणि मग लग्न. घरचे स्थळं बघतायत. आई म्हणते, ‘आधी नको सांगायला, ओळख होऊ दे.’ तो म्हणतो, ‘आई, कांदेपोहे खायच्या आधी मला इंजेक्शन घ्यावं लागतं गं. ओळख व्हायची तिथेच होईल.’ आम्ही दोघंही हसलो. पण दोन स्थळं फोनवरच फिरली, हे सांगताना तो कॉफीच्या कपाकडे बघत होता.

त्याच्या पाकिटात वसीम अक्रमचा एक जुना फोटो आहे. पाकिस्तानी बॉलरचा फोटो पुणेकराच्या पाकिटात! कारण साधं आहे. अक्रमला १९९७ मध्ये डायबिटीस निघाला. इन्सुलिन घेत तो पुढे सहा वर्षं खेळला आणि वन-डेतली ५०० वी विकेट २००३ च्या वर्ल्डकपमध्ये घेतली. ‘मला डॉक्टरांनी आठ तक्ते दिले,’ तो म्हणाला, ‘हा फोटो माझा मीच शोधला.’

‘मनावर ताबा ठेव’ म्हणजे नक्की काय?

लठ्ठपणाच्या बाबतीत आरोप आणखी थेट असतो. तोंडावर ताबा नाही, आळशी आहे, झालं! पण विज्ञान काय म्हणतं ते बघा. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात ५० जणांचं वजन कडक डाएटनं उतरवून त्यांचे हार्मोन्स तपासले गेले. वजन उतरल्यावर भूक वाढवणारे हार्मोन वाढले, पोट भरल्याचा निरोप देणारे कमी झाले. एवढं अपेक्षितच होतं. पण एका वर्षानंतरही हा बदल तसाच होता. म्हणजे डाएट संपलं तरी शरीर ‘दुष्काळ पडलाय, खा’ म्हणत राहतं. वजन परत येण्याचं हे एक मोठं कारण. त्याला आपण ‘हिला जमत नाही’ म्हणून मोकळे होतो.

मन आणि वजन यांची सांगड दोन्ही बाजूंनी बसते. २०१० मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. लठ्ठ व्यक्तीला पुढे नैराश्य येण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी जास्त निघाली. आणि नैराश्य असलेल्याला पुढे लठ्ठपणा येण्याची ५८ टक्क्यांनी जास्त! कोंबडी आधी की अंडं, सांगता येणार नाही. पण दोन्ही एकाच खुराड्यात आहेत, एवढं नक्की.

मग चिडवून, टोमणे मारून वजन उतरतं का? ‘लागू दे जरा मनाला, मग करेल व्यायाम’ असं मानणारे घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी एक अभ्यास. २०१३ मध्ये अमेरिकेत सहा हजारांहून जास्त लोकांच्या पाहणीत दिसलं की, जे आधी लठ्ठ नव्हते पण वजनावरून ज्यांना भेदभाव सोसावा लागला, ते पुढच्या चार वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या अडीच पट होती. टोमणा मनाला लागतो, हे खरं. पण तिथून तो जिममध्ये जात नाही, फ्रीजकडे जातो.

बंद दारामागे नेमकं काय होतं?

काउन्सेलिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातला सोफा येतो. प्रत्यक्षात मी बसले ती साध्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. समोर पन्नाशीच्या एक मॅडम. पहिल्या सेशनला त्यांनी माझं वजन विचारलंच नाही. विचारलं, ‘तुझा दिवस कसा असतो? उठल्यापासून सांग.’ मी पाऊण तास बोलले. फी बाराशे रुपये. त्या महिन्यात दोन सिनेमे आणि एक पिझ्झा कमी. बरं झालं!

तिथे शिकलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे अल्बर्ट एलिस यांचं ‘एबीसी’. पुण्यामुंबईत हे नाव नवं नाही. कि. मो. फडके यांनी एलिस यांची ही पद्धत ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ या नावानं मराठीत रुजवली. कल्पना सोपी आहे. ए म्हणजे घटना, बी म्हणजे त्या घटनेबद्दलचं आपलं मत आणि सी म्हणजे परिणाम. आपल्याला वाटतं, ए मुळे सी झालं. खरं तर मध्ये बी बसलेला असतो.

उदाहरण माझंच. सोमवारी सकाळी वजनकाटा सहाशे ग्रॅम वर. ही घटना. संध्याकाळपर्यंत मी अर्धा किलो फरसाण संपवलेलं. हा परिणाम. मधल्या मध्ये डोक्यात वाजलेली टेप होती, ‘माझ्याच्यानं काहीच होत नाही, आता काय फरक पडतो.’ मॅडम म्हणाल्या, ‘सहाशे ग्रॅम म्हणजे काय गं? अंगातलं पाणी, आदल्या दिवशीचं मीठ, पाळीची तारीख. त्याच्यावरून तू स्वतःला नापास कशी केलीस?’ मग त्यांनी वही दिली. ए, बी, सी असे तीन रकाने. चौथा रकाना ‘दुसरं काय म्हणता आलं असतं?’ दोन आठवड्यांत वही भरली. त्या वहीत ‘काहीच’, ‘नेहमीच’ आणि ‘कधीच’ हे तीन शब्द किती वेळा आले होते ते मोजलं, तर हसूच आलं.

दुसरी पद्धत म्हणजे ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’. नाव एचआरच्या राउंडसारखं असलं, तरी काम उलटं. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या व्यसनावर काम करताना ही मांडली. समोरच्याला ‘तू हे कर’ म्हणायचं नाही. त्याला स्वतःलाच कारणं सापडू द्यायची. ‘चालायला का जायला हवं?’ असं भाषण ठोकण्यापेक्षा ‘गेल्या महिन्यात तू दोनदा चालायला गेलास, ते कसं जमवलंस?’ असं विचारायचं. यातून निघणारी टार्गेट्सही वेगळी असतात. ‘पाच किलो कमी’ हे टार्गेट नाही, कारण ते पूर्णपणे आपल्या हातात नसतं. ‘आठवड्यातून तीनदा जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं’ आपल्या हातात असतं.

आणि चोरून, भराभर, पोट दुखेपर्यंत खाणं, मग स्वतःचीच किळस येणं, हे आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने चालू असेल, तर तो खादाडपणा नाही. ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ या नावानं तो २०१३ पासून मानसोपचाराच्या पुस्तकात स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे. त्यावर उपचार आहेत. अशा माणसाच्या हातात आणखी एक कडक डाएट चार्ट देणं म्हणजे आगीत तेल.

रविवारच्या गोल खुर्च्या

कोथरूडमधल्या एका डायबिटीसच्या डॉक्टरांच्या क्लिनिकवर महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दहा-बारा जण जमतात. सगळे पस्तिशीच्या आतले. मी दोनदा गेले. नियम तीनच. वजनाचा आकडा सांगायचा नाही, न मागता सल्ला द्यायचा नाही आणि इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही.

एक शिक्षिका बोलली. गणपतीत आत्यानं सगळ्यांसमोर तिच्या ताटातला मोदक उचलून परत पातेल्यात ठेवला होता. ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणत. एक आयटीवाला म्हणाला, नाइट शिफ्टला जेवणाच्या वेळा कशा पाळायच्या ते कुठल्याच चार्टमध्ये नसतं. त्यावर कोपऱ्यातली एक नर्स म्हणाली, ‘माझीही नाइटच असते. सांगू का मी काय करते?’ आधी परवानगी मागितली, बरं का! पुढची वीस मिनिटं त्या दोघांचं डब्यावर जे बोलणं झालं, ते कुठल्याही डाएटिशियनच्या तोंडात मारेल असं होतं.

डॉक्टरांनी नंतर मला त्यांचं गणित सांगितलं. ओपीडीत एका पेशंटला दहा मिनिटं. त्यात शुगर, पाय, डोळे, औषधं. मनाचं बोलणं निघालं की रांग अडते. म्हणून त्यांनी हा रविवार काढला. ‘इथे मी फक्त चहा सांगतो,’ ते म्हणाले.

हे भावनिक वगैरे आहे, आकड्यात काही दिसतं का? दिसतं. दिल्ली, चेन्नई, बंगळूर आणि विशाखापट्टणम इथल्या चार क्लिनिक्समध्ये डायबिटीस आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ४०४ जणांवर एक अभ्यास झाला. २०२० मध्ये तो अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आला. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर एक प्रशिक्षित केअर कोऑर्डिनेटर, म्हणजे डॉक्टर नव्हे, पण नियमित चौकशी करणारा, धीर देणारा, मानसोपचारतज्ज्ञांशी दुवा ठेवणारा माणूस. दोन वर्षांनी नैराश्य निम्म्यानं उतरलं आणि सोबत शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल यांपैकी एकात तरी सुधारणा झाली, असे दुसऱ्या गटात ७१.६ टक्के निघाले. नेहमीच्या उपचारांत ५७.४ टक्के. चौकशी करणारा एक माणूस वाढला, तर एवढा फरक पडला!

इंजेक्शनं आली, मग?

‘आता तर वजनाची इंजेक्शनं आलीत, काउन्सेलिंग कशाला?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेला. खरंय, मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोव्ही त्याच वर्षी जूनमध्ये. ही औषधं भूक खरोखर कमी करतात आणि ज्यांना गरज आहे त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती घ्यावीत, त्यात लाज कसली? उलट ती आल्यामुळे एक गोष्ट सिद्धच झाली. भूक हा चारित्र्याचा प्रश्न नव्हता, हार्मोन्सचा होता.

पण सुई भुकेवर काम करते. शाळेत ‘मोटू’ म्हणून मारलेल्या हाका ती पुसत नाही. मला भेटलेल्या एका मुलीचं वजन बावीस किलोंनी उतरलंय. ती अजूनही दुकानात एक्सएलच्या रॅककडेच जाते. आणि कुणी ‘किती छान दिसतेस आता!’ म्हटलं की तिला त्यातला ‘आता’ ऐकू येतो.

चौकट १: कुणाकडे जायचं?

• सायकिएट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस नंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. औषधं हेच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत, थेरपी देतात. त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका.

• टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. नंबर १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही. स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, तर वाट न बघता लगेच फोन करा आणि जवळच्या माणसाला सांगा.

• ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे. अनेक सरकारी आणि ट्रस्टच्या हॉस्पिटल्समध्ये मानसोपचाराची ओपीडी असते आणि तिची फी खासगीपेक्षा खूप कमी असते.

• ऑफिसच्या एचआर पोर्टलवर ‘एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्राम’ शोधा. बऱ्याच कंपन्या काही सेशन्स मोफत देतात आणि ती तशीच वाया जातात. तुमचं नाव कंपनीला कळतं का, हे आधी विचारून घ्या.

• २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे. मात्र बाहेरून घेतलेल्या काउन्सेलिंगचे पैसे मिळतात का, ते पॉलिसीत नीट वाचा.

चौकट २: शेजारच्या डेस्कसाठी

• वजन वाढलं किंवा उतरलं, दोन्हीवर कॉमेंट नको. उतरण्यामागे आजारपणही असू शकतं.

• ‘तुला चालतं का हे?’ असं सगळ्यांसमोर विचारू नका. डबा पुढे करा आणि गप्प बसा. घ्यायचं की नाही, ते तो ठरवेल.

• टाइप वनवाला मित्र घामाघूम होऊन असंबद्ध बोलायला लागला, तर शुद्धीत असल्यास लगेच तीन-चार चमचे साखर किंवा अर्धा कप गोड ज्यूस द्या. डाएट कोला नव्हे! पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा तपासा. शुद्ध गेली असेल, तर तोंडात काहीही घालू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

• टीम लंच ठरवताना कांदा-लसूण नको असणाऱ्यांची जशी सोय करता, तशीच यांचीही करा. एवढंच. सहानुभूती वेगळी वाढायची गरज नाही.

पुढच्या वेळी

आपली पिढी मॅनेजरला ‘माझी बँडविड्थ नाही’ असं सांगायला शिकली. डॉक्टरांसमोर मात्र अजून शाळेतल्या मुलासारखी बसते, रिपोर्टच्या मार्कांची वाट बघत. पुढच्या अपॉइंटमेंटला जाताना फाइलच्या पहिल्या पानावर पेन्सिलनं एक वाक्य लिहून न्या: ‘डॉक्टर, औषध घेतोय, पण मी वैतागलोय.’ बोलता नाही आलं, तर ते पान नुसतं पुढे करा. ऐकून घेणारे डॉक्टर असतील, तर पुढचा रस्ता ते दाखवतील. नसतील, तर दुसरे डॉक्टर शोधायची वेळ झाली, हे तरी चार मिनिटांत कळेल.

बाणेरच्या त्या मित्राचा परवा मेसेज आला. त्यानं मॅनेजरला सांगितलं. मॅनेजरनं फक्त विचारलं, ‘लो झालास तर आम्ही काय करायचं?’ आता त्याच्या टीमच्या ड्रॉवरमध्ये ज्यूसचे दोन छोटे पॅक असतात आणि इन्सुलिन तो डेस्कवरच घेतो. शुगर? ‘अजून वरखाली होतेच,’ त्यानं लिहिलंय, ‘पण बाथरूममध्ये बसून नाही होत.’